पंचांनी पाट चालून पाहिला

फार पूर्वी, डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका खोऱ्यात, पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला, म्हाळू नावाचा शेतकरी आणि हौसा नावाची त्याची बायको राहत होती. त्यांना भिवा नावाचा मुलगा होता, गोजरा नावाची सून होती आणि सगुणा नावाची तान्ही नात होती. सगळं होतं, बरं का. फक्त सून आणि नात घरात नव्हत्या.

गोजरा बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच राहिली. तिचं माहेर थोरल्या वाडीला, पाटाच्या तोंडाशी. तिचे वडील सरजेराव म्हणजे हसतमुख, दिलदार, अंगानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. लेकीवर जीव टाकायचे. बारशाला हौसा गेली तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "विहीणबाई, राग मानू नका. तुमच्या वाडीत पोरीची दुपटी धुवायला पाणी नाही. माझी ओली बाळंतीण डोक्यावर घागर घेऊन ओढ्यात उतरणार का? तुमच्या पाटाला पाणी येऊ द्या, मी स्वतः पोचवायला येतो."

बोलणं खरंच होतं. हौसानं झोपलेल्या नातीवरून हात ओवाळून बोटं मोडली आणि गुपचूप घरी आली. नातीचे डोळे कसे आहेत तेसुद्धा तिला कळलं नाही. पोर गाढ झोपेत होती.

आता पाण्याचं असं होतं. खोऱ्यात वाड्या सात. वर एक बंधारा, त्यातून निघालेला एकच पाट, आणि तो एकेका वाडीला पाणी पाजत खाली यायचा. थोरली वाडी सगळ्यात आधी. म्हाळूची वाडी सगळ्यात शेवटी, म्हणून तिला लोक शेपटवाडी म्हणायचे. पाणी कुणाला कधी आणि किती, हे ठरवायला एक कारभारी असायचा. दर पाच वर्षांनी त्याची निवड व्हायची.

पूर्वी निवडीला अख्खं खोरं माळावर जमायचं, आणि ज्याच्या नावाचा गलका मोठा तो कारभारी व्हायचा. पण गलका नेहमी थोरल्या वाडीचाच मोठा, कारण माणसं तिथं जास्त. म्हणून जुन्या जाणत्यांनी नवी रीत घातली. प्रत्येक वाडीनं एक पंच पाठवायचा, मग वाडी थोरली असो की चिमुकली. या सात जणांनी उभ्या राहिलेल्या माणसांच्या घरी जेवायचं, त्यांचं वागणं निरखायचं, आणि बंधाऱ्यावरच्या देवळात बसून सगळ्यांच्या वतीनं कारभारी निवडायचा. रीत चांगली होती. घालणाऱ्यांनी डोकं लावून घातली होती.

पण पुढच्यांनी त्यात एक घोटाळा करून ठेवला. निवड यायची ऐन सुगीत. मग वाडीवाडीत बोलणं व्हायचं, "पंच म्हणून कोण जातंय?"

"मला नाही जमायचं, माझी कापणी चाललीय."

"माझं खळं पडलंय उघड्यावर."

"मग त्याला धाडा की! दिवसभर सोंगट्या खेळत बसतो. त्याला काय काम आहे?"

झालं! प्रत्येक वाडी आपला सगळ्यात रिकामा माणूस पंच म्हणून पाठवायची. बैल घेताना त्याचे दात बघणारी, शेपूट ओढून बघणारी ही शहाणी माणसं. पण आपल्या तोंडचं पाणी ज्याच्या हाती द्यायचं तो कारभारी निवडायला मात्र ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही असा गडी धाडायची. असं किती वर्षं चाललं, कुणालाच काही वाटलं नाही.

त्या वर्षी काय झालं, शेपटवाडीला पाटातून थेंबही आला नाही. पाणी नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून सुगी नाही, आणि सुगी नाही म्हणून सगळेच रिकामे. आता सगळेच रिकामे म्हटल्यावर पाठवायचं कुणाला? मग पहिल्यांदाच वाडीला विचार करावा लागला. चिंचेखाली बैठक बसली.

"म्हाळूला धाडू," एक जण म्हणाला.

"म्हाळू सोन्यासारखा माणूस. पण कुणी हसून दोन शब्द बोललं की अंगावरचं कांबळं काढून देतो."

म्हाळू हसला. त्याच्या अंगावर कांबळं नव्हतंच.

"मग हौसाला धाडा," वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली.

"बाईमाणूस पंच?"

"का रे? लग्नात वाढायला हौसा असली की शेवटच्या पंगतीलाही बुंदी मिळते. दुसरं कुणी असलं की शेवटच्या पंगतीत नुसती परात वाजते. आणि आपली वाडी कितव्या पंगतीत बसलीय, ते तुझं तूच बघ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हौसा मात्र कासावीस झाली. "मला नका गं यात घालू. सरजेराव उभे राहिलेत. माझे व्याही आहेत ते. माझी नात त्यांच्या ओसरीवर आहे."

"म्हणून तर विचारतोय. जमेल का?"

हौसानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "खोटं कशाला बोलू? जमतंय का ते तिथं गेल्यावरच कळेल."

"हे बरं बोललीस," म्हातारी म्हणाली. आणि हौसा पंच झाली.

कारभारी व्हायला दोघं उभे होते. एक सरजेराव. दुसरा मधल्या वाडीचा कोंडाजी. हा कोंडाजी तोंडाचा अगदी फाटका. कुणी राम राम घातला तर म्हणायचा, "आधी माझ्या बांधावरून उतर, मग राम राम." माळावर गलक्यानं निवड झाली असती तर त्याच्या नावानं त्याच्या बायकोनंही तोंड उघडलं नसतं.

पंच आधी त्याच्याकडे जेवायला गेले. हुलग्याचं पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा. "आणखी काही मिळायचं नाही. जे रोज खातो तेच वाढलंय," एवढंच तो बोलला. जेवणं चालू असतानाच त्याचा धाकटा भाऊ धावत आला. मधल्या वाडीपुरतं पाणी कोंडाजीच बघायचा.

"दादा, पाणी आधी आपल्या शेताला वळवू का?"

"पाळी कुणाची?"

"पाळी शेजारच्या काकूची. पण ती कुठं बघतेय!"

"काकूची पाळी तर काकूच्या शेताला जाईल. चल नीघ!"

"अरे, मी तुझा सख्खा भाऊ!"

"म्हणून तर ओरडतोय. परका असतास तर हळू सांगितलं असतं."

पंच खाली मान घालून हसले. पण बाहेर पडल्यावर सोंगट्या खेळणारा पंच म्हणाला, "माणूस असेल सरळ, पण पिठलं! पंचांना पिठलं!" आणि कायम पेंगत असणारा पंच म्हणाला, "झोपसुद्धा आली नाही नीट त्यावर."

सरजेरावांकडे मात्र पाट-रांगोळ्या, पुरणपोळ्या, तुपाची धार. यजमान स्वतः वाढायला उभे. कुणाच्या बैलाचं नाव काय, कुणाच्या सासऱ्याला दमा आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. एकेक गंमत अशी सांगायचे की घास घशात अडकावा. हौसालाही हसू आवरेना. माणूस लाघवी होता, त्यात खोट काहीच नव्हती.

जेवणं झाली. पंच ओसरीवर लवंडले. तेव्हा सरजेराव आतून सगुणाला घेऊन आले आणि त्यांनी तिला अलगद हौसाच्या मांडीवर ठेवलं.

पोर जागी होती! टुकूटुकू बघत होती. डोळे थेट म्हाळूचे, हसून बोललं की विरघळणारे. तिनं आजीच्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरली आणि सोडायला तयार होईना. हौसाच्या डोळ्यांतून पाणी कधी आलं तिचं तिलाच कळलं नाही.

सरजेराव शेजारी बसले. आवाज एकदम मऊ केला. "विहीणबाई, मलाही हे बरं वाटत नाही हो. तुम्ही मला कौल द्या. निवड झाली की दुसऱ्या दिवशी लेक नि नात तुमच्या दारात. रोज बैलावरून पाण्याची पखाल धाडीन. तुमच्या घराला कधी कमी पडायचं नाही."

"माझ्या घराला," हौसा म्हणाली. "आणि वाडीला?"

"बघू की, हळूहळू सगळ्यांचंच बघू!"

हौसा नातीकडे बघत राहिली. मग तिनं त्या चिमुकल्या मुठीतलं एकेक बोट सोडवून पोत मोकळी केली, आणि दाराशी उभ्या असलेल्या गोजराच्या हातात पोर दिली. मांडी एकदम हलकी झाली.

"आत्याबाई," गोजरा हळूच म्हणाली, "बाबांचं मन वाईट नाही."

"ठाऊक आहे गं. वाईट असतं तर सोपं नसतं का गेलं?"

ती सरजेरावांकडे वळली. "व्याहीबुवा, जेवण झकास झालं. कौल मी देवळात देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही पंच देवळात जमले. देवापुढे दोन ताम्हनं ठेवलेली, वरून कापड झाकलेलं. कापडाखाली हात घालायचा आणि ज्याला कौल द्यायचा त्याच्या ताम्हनात सुपारी ठेवायची, कुणाला काही दिसायचं नाही, अशी रीत.

"उरका लवकर," सोंगट्यावाला म्हणाला. "सरजेराव तर सरजेराव. मला पट मांडायचाय."

"थांबा," हौसा म्हणाली. "खायचं, बघायचं आणि मग निवडायचं, असं ठरलंय ना? आपण खाल्लं. बघितलं कुठं?"

"काय बघायचं?"

"पाट. ज्याचा कारभारी निवडायचा, तो पाट तुमच्यापैकी किती जणांनी शेवटापर्यंत बघितलाय?"

कुणीच बघितला नव्हता. जो तो आपल्या वाडीपुरता बघायचा.

"आता एवढं लांब कोण चालणार, हौसाबाई?"

"का? तुम्हाला कसली घाई आहे? घाई असती तर वाडीनं तुम्हालाच धाडलं असतं का?"

आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग खो खो हसत सुटले. खरंच तर होतं! रिकाम्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी वेळ असतो. निघाले सगळे.

थोरल्या वाडीत पाट काठोकाठ भरून वाहत होता. बांध फुटले तरी कुणी लक्ष देत नव्हतं. सरजेरावांच्या हळदीत तर घोट्याच्या वर चिखल, आणि बांधावर ओळीनं लिंबू-मिरच्या टांगलेल्या.

"हे कशाला रे?" पंचांनी गड्याला विचारलं.

"हळद कुजतेय दरसाल. नजर लागलीय म्हणतात मालक."

पेंगणाऱ्या पंचानं पायानं चिखल चाचपला. "नजर कसली, डोंबल! पाणी लागलंय तिला. मला झोपेतसुद्धा कळतंय."

पुढं पाणी कमी होत गेलं. मधल्या वाडीत ते सरळ रेषेत, पाळीपाळीनं शेतात शिरत होतं. तिथून खाली नुसता ओलावा. त्याच्या खाली भेगा. आणि शेपटवाडी आली तेव्हा पाटात बोरीची झुडपं वाढली होती आणि त्यांत सरडे खेळत होते. ऊन डोक्यावर आलेलं. पंचांच्या घशाला कोरड पडली.

म्हाळूनं घाईघाईनं घोंगडी अंथरली आणि घरातली एकुलती एक भरलेली घागर आणली. एकेकाला तांब्या दिला. पंच तहानेनं घटाघट प्याले. सोंगट्यावाल्याची पाळी शेवटची आली, तेव्हा घागर उपडी करूनही तांब्याचा जेमतेम तळ भिजला.

"आणखी आणा की, म्हाळूदादा."

म्हाळू ओशाळला. "आता बायका परतल्या की आणतो. ओढ्यातल्या झऱ्यावर गेल्यात. वाटीवाटीनं भरावं लागतं, वेळ लागतो जरा. तुम्ही टेका तोवर."

सोंगट्यावाल्यानं तांब्यात बघितलं. प्याला नाही. तांब्या तसाच म्हाळूच्या हातात दिला आणि म्हणाला, "राहू दे. घरात लागेल."

सात माणसांना एका पंगतीत बसवून, तूप वाढून गप्प करता येतं, हा या रितीतला धोका खराच. पण सात माणसांना एका पाटावरून चालवत नेता येतं, ही तिच्यातली चांगली गोष्टही तितकीच खरी. अख्खं खोरं काही म्हाळूच्या दारात तहानेनं येऊन बसू शकलं नसतं.

पंच देवळात परतले. हौसाची पाळी आली. तिनं कापडाखाली हात घातला. हाताला दोन्ही ताम्हनं सारखीच गार लागली. कुणी बघणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. तिच्या पदराला अजून नातीच्या तेलाचा, धुरीचा वास येत होता. तिनं डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि सुपारी कोंडाजीच्या ताम्हनात ठेवली.

कापड उचललं. कोंडाजीच्या बाजूला सुपाऱ्या जास्त होत्या.

बाहेर जमलेल्या लोकांत एकच कल्लोळ उठला! थोरल्या वाडीचे लोक तर लालबुंद झाले. "आम्हाला सगळ्यांना सरजेराव हवे होते! सात टाळक्यांनी ठरवायचं आणि आम्ही मान डोलवायची? आम्हाला विचारलं का कुणी?"

हौसा पायरीवर आली.

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारलं नाही. पण आपलं तोंड म्हणून एखाद्याला धाडताना तुम्ही तरी काय विचार केला? 'त्याला काय काम आहे,' एवढाच ना? सून बघायला जाताना तरी असा कुणालाही धाडाल का?"

लोकांत खसखस पिकली.

"आणि चूक आमचीही आहे. आम्ही कापडाखाली हात घातला. माझी नात व्याह्यांच्या घरी. मी कौल नातीसाठी दिला की पाटासाठी, तुम्हाला कसं कळणार? म्हणून उघड सांगते. मी कोंडाजीला दिला. का दिला ते विचारा, सांगते. आणि माझं नका ऐकू. आपापल्या पंचाला घेऊन आपापल्या पारावर बसा आणि त्यानं काय बघितलं ते त्याच्या तोंडून ऐका."

लोकांनी तसं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच सोंगट्यावाल्याभोवती माणसं जमली, ती पट बघायला नव्हे, त्याचं ऐकायला. त्यानं तांब्याच्या तळाचं पाणी सांगितलं आणि ऐकणारे खाली बघू लागले. त्याच दिवशी सगळ्या वाड्यांनी ठरवलं की इथून पुढं पंच सुगीच्या आधी, पारावर बसून, पारखून निवडायचा. आणि कौल देऊन आल्यावर पंचानं आपल्या वाडीला त्याचं कारण सांगायचं.

सरजेराव मात्र हौसाशी एक शब्द न बोलता निघून गेले.

घरी म्हाळू वाट बघत होता. "नात कशी आहे गं?"

"डोळे तुमच्यासारखे आहेत."

म्हाळूनं डोळे पुसले. मग म्हणाला, "मग आणायची होतीस."

"मोल फार सांगितलं हो तिचं. वाडीचं पाणी मागितलं."

म्हाळूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दोघं तशीच बसून राहिली.

कोंडाजीनं कारभार हाती घेतला तो शिव्या देतच. पहिला हुकूम काय, तर पाळी शेपटाकडून सुरू व्हायची. आधी शेपटवाडी, मग तिच्या वरची, असं करत थोरली वाडी शेवटी. पाळी नसेल त्या दिवशी थोरल्या वाडीकडे पाणी सोडणारं दार बंद. सरजेराव भांडले, रुसले, "हा माणूस माझी हळद वाळवणार," म्हणून गावभर बोलत हिंडले.

आणि हळद वाळली नाही. उलट चिखल बसला, माती मोकळी झाली, आणि पुढच्या काढणीला गड्डे असे निघाले, भरदार, पिवळेधमक, की सरजेराव बांधावरच मटकन बसले आणि स्वतःलाच हसत सुटले. हसणं काय, खोऱ्यात ऐकू गेलं.

चार दिवसांनी त्यांची बैलगाडी शेपटवाडीत शिरली. पुढं सरजेराव, मागं गोजरा, तिच्या मांडीवर सगुणा, आणि गाडीमागं, वेशीपर्यंत सामोरा गेलेला भिवा, बायकोचं गाठोडं डोक्यावर घेऊन, तोंडभर हसत.

"विहीणबाई!" सरजेराव लांबूनच ओरडले. "माझ्या हळदीची नजर उतरली हो! कोंडाजीनं उतरवली, शिव्या देत देत!" मग खाली उतरून, एवढा मोठा माणूस, हात जोडून उभा राहिला. "मी तुम्हाला नातीचं आमिष दाखवलं. चुकलं माझं."

"आत या आधी," हौसा म्हणाली. "हातपाय धुवा. पाणी भरपूर आहे."

त्या साली म्हाळूच्या वाफ्यात भात कमरेएवढा आला. भिवानं घरामागं भाजीचा मळा लावला. गोजराला घागर घेऊन ओढ्यात उतरावं लागलं नाही, पाट दारावरूनच वाहत होता. पाटाचं पाणी तुटल्यापासून ज्या शेपटवाडीला कुणी मुलगी देत नव्हतं, तिथं त्या उन्हाळ्यात लग्नाचे दोन मांडव पडले. आणि सगुणा पाटाच्या कडेला आजीचं बोट धरून पहिली पावलं टाकायला शिकली. पाण्यात धपकन बसायची, आजोबांना भिजवायची, आणि पुन्हा उठायची.

तात्पर्य काय, तर आपल्या वतीनं निवड करायला माणूस धाडायचा असेल, तर आधी तो माणूस नीट निवडावा. आणि परत आल्यावर त्याला 'काय बघितलंस?' असं विचारायला विसरू नये.